गूळ साडेसोळा शेर

राहीबाई सुईण लोहाराच्या ऐरणीजवळ उकिडवी बसून सांगत होती, "बारीक नगं करूस रं. जाड पायजे. बांधायचंय पोराच्या कमरंला, पर तू बैलाचंच समज."

तात्या वैद्यांच्या ओसरीत केळ्यांचे मोठे घड टांगलेले होते. तात्या रोग्याची नाडी बघावी तसे प्रत्येक केळं दाबून बघत होते.

क्षमाबाई नर्सच्या वहीत खोकल्याच्या औषधाखाली लिहिलं होतं : पातळ पेज, प्रत्येकी अर्धा शेर. अर्धा म्हणजे अर्धा.

चार पैलवान लाल मातीची पोती भिंतीला टेकवून चावडीमागे बसले होते. खोली आज रिकामी होणार असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

दिपोटीसाहेबांच्या धोतराला मागच्या बाजूनं गूळ लागला होता.

पद्मा मास्तरीण दुपारच्या उन्हात दार लावून, अठरा सदऱ्यांच्या मुडपी उसवून पुन्हा शिवत होती. तिच्या सांगलीच्या घरी तिनं शिवणाला कधी हात लावला नव्हता, हे शिवण बघून कुणालाही कळलं असतं.

हे सगळं एका बुधवारचं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारचं. पण त्याची सुरुवात तीन महिने आधी, शेचाळीसच्या भाद्रपदात, पद्माच्या एका वाक्यानं झाली.

*

पद्मा सांगलीची, विश्रामबागेकडची. पुण्याला लहान मुलांच्या शिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यास करून आली होती आणि त्या वर्षाचा तिला फार अभिमान होता. कोरेगावला चावडीमागच्या खोलीत बालवर्ग निघाला तेव्हा ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली. ट्रंकेत साड्या तीन आणि मातीचे रंगीत मणी काही हजार. मण्यांनी मूल मोजायला शिकतं, बोटं वळायला शिकतं, रांगेत बसायला शिकतं. मण्यांनी ताप सोडून सगळं बरं होतं, असं तिच्या बोलण्यावरून वाटायचं.

पण ती नुसती मण्यांवर विसंबणारी नव्हती. पुण्याला तिला शिकवलं होतं की लहान मूल हे एकट्या मास्तरणीचं काम नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात तिनं एक मंडळ काढलं. त्यात मिरजेला नर्सिंग शिकून आलेल्या क्षमाबाई, गावातले जुने वैद्य तात्या, आणि गावातली अर्धी माणसं जिच्या हातावर जन्मली ती राहीबाई सुईण. दर शनिवारी चौघं बालवर्गाच्या ओट्यावर बसायची. पद्मानं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, "कुणी कुणाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्याचं शास्त्र आपल्याला कळत नाही असं धरून चालायचं."

नियम सगळ्यांना आवडला. तात्यांनी काढा दिला की क्षमाबाई खिडकीबाहेर बघत. क्षमाबाईंनी ताप मोजायची काचेची नळी पोराच्या काखेत घातली की तात्या डोळे मिटून घेत. राहीबाई मिरच्या ओवाळून टाकायची तेव्हा तिघंही ठसकत, पण बोलत काही नसत. चौघांत भांडण म्हणून कधी झालं नाही. तेच वाईट झालं.

लालासाहेब सुभेदार इटलीतली लढाई करून गावी परत आले होते आणि आता त्यांना गावात तालीम पाहिजे होती. तालमीला खोली पाहिजे होती. गावात रिकामी खोली एकच, आणि तिच्यात अठरा पोरं मणी ओवत बसलेली. सुभेदार गावकमिटीचे चेअरमन. त्यांनी चावडीवर बैठक बोलावली.

"बाई, तुमचं वाईट काय न्हाई," सुभेदार म्हणाले. "पर पोरं झाडाखाली बी खेळत्यात. कुस्ती झाडाखाली हुती व्हय? तुमच्या वर्गानं पोरांचं काय भलं झालं, ते दावा. डोळ्यांला दिसंल असं दावा."

इथं पद्मा म्हणू शकली असती की पोरं दहापर्यंत मोजतात, हात धुतात, रडत नाहीत. पण बैठकीला चाळीस माणसं होती, आणि चाळीस माणसांपुढं पद्माला नेहमी जास्त आत्मविश्वास यायचा.

"तीन महिन्यांत," ती म्हणाली, "प्रत्येक मुलाचं वजन एक शेरानं वाढवून दाखवते."

क्षमाबाईंच्या भुवया पदराच्या काठापर्यंत गेल्या. चांगल्या खात्यापित्या घरचं चार वर्षांचं पोर तीन महिन्यांत अर्धा शेर वाढलं तरी आईनं साखर वाटावी, हे त्यांना ठाऊक होतं. तात्यांना ठाऊक होतं. राहीबाईला तर पोराकडं नुसतं बघून ठाऊक होतं. पण नियम म्हणजे नियम. तिघंही मान हलवत राहिले, आणि ती मान कौतुकानं हलतेय असं पद्माला वाटलं.

"लिवून द्या," सुभेदार म्हणाले.

तिनं लिहून दिलं. एक प्रत कमिटीला, एक प्रत शाळातपासणीच्या दिपोटीसाहेबांना. सुभेदारांनीही साहेबांना खोलीसाठी अर्ज धाडला. ठरलं असं की तीन महिन्यांनी साहेब तपासणीला येतील, त्यांच्या शेऱ्यावर खोलीचा निकाल. शेरा बरा आला तर खोली पोरांची, नाही आला तर तालमीची आणि पद्मा सांगलीची.

*

आता वजन वाढवायचं तर आधी वजन करायला हवं. क्षमाबाई आकड्याला टांगायचा काटा घेऊन आल्या. पोराला झोळीत घालायचं, झोळी आकड्याला अडकवायची. पहिला नंबर गुंडाचा. गुंडा म्हणजे सुभेदारांचा नातू, वय वर्षं चार, आवाज चौदा वर्षांचा. त्याची आजी चंद्राबाई त्याला सोडायला आली होती. तिनं तो आकडा बघितला आणि गुंडाला पदराखाली घेतलं.

"ह्यो आकडा म्या खाटकाकडं बघितलाय," ती म्हणाली.

"आजी, नुसतं वजन करायचंय," क्षमाबाई म्हणाल्या.

"पोर काय वांगं हाय व्हय जोखाय? जोखलेलं पोर वाळतंय. आमच्या जावंच्या भावाचं पोर जोखलं आन् पंधरा दिसांत काडी झालं."

मागं उभ्या असलेल्या सतरा आयांनी आपापली पोरं उचलली. वर्ग दोन मिनिटांत रिकामा झाला. मागं उरले मणी.

शनिवारी मंडळ बसलं. क्षमाबाई हातातला काटा खेळवत होत्या. पद्मा म्हणाली, "आयांना समजावून सांगू."

"समजावून कोण समजतंय, बाई," राहीबाई म्हणाली. "पोर जोखायचं न्हाई, ही गोष्ट खरीच हाय. पर गूळ जोखाय कुणाची ना हाय?"

"म्हणजे?"

"नवसाची तुला करायची. पोराला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ घालायचा मारुतीच्या नावानं. पोर खाली उतारलं, मंग गूळ जोखायचा. पोराला कोण जोखलं? कुणीच न्हाई."

तिघंही तिच्याकडं बघत राहिले. पुण्याला हे शिकवलेलं नव्हतं.

अडतीतला मोठा तराजू आला. तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेला, फळ्यांची पारडी, लोखंडी साखळ्या. गूळ सुभेदारांच्या गुऱ्हाळातला. सुभेदार तालमीसाठी भांडत असले तरी मारुतीला नाही म्हणणारे नव्हते. हळदकुंकू लावून एकेक पोर पारड्यात बसलं, आया नटून आल्या, आणि चंद्राबाईनं स्वतः गुंडाला उचलून बसवलं. क्षमाबाईंनी मागं गूळ तोलला आणि वहीत लिहिलं : गुंडा, गूळ चौदा शेर. तिथून त्या वहीत कुठल्याही पोराचं वजन नाही. अठरा पोरांपुढं अठरा गूळ.

पद्मानं त्या रात्री सांगलीला पत्र लिहिलं की निरनिराळ्या शास्त्रांची माणसं एकत्र आली की काय होतं ते इथं येऊन बघा.

*

तीन महिने बालवर्ग जोरात चालला. तात्यांनी पोरांना रोज च्यवनप्राश चाटवला. क्षमाबाईंनी नखं कापली, कान धुतले, जेवायच्या आधी हात धुवायची एवढी सवय लावली की पोरं घरी पाणी मागायला जायच्या आधी हात धुवायला लागली. राहीबाईनं सगळ्यांची टाळू तेलानं माखली. पद्मानं मणी मोजून घेतले. एक दोन तीन, दहा झाले की गाठ. गुंडा तर झोपेत दहापर्यंत मोजून बोटाला गाठ मारायला लागला, असं चंद्राबाई सांगायची.

पोरं वाढली. पण किती वाढली, हे बघायची छाती पद्माला झाली नाही.

ती क्षमाबाईंना झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांनी गुंडाला गुळाच्या खड्याचं आमिष दाखवून दवाखान्याच्या मागं नेलं, धान्याच्या काट्यावर बसवलं, आणि त्या उठून तडक पद्माकडं आल्या.

"फक्त तुम्हाला सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगं साडेचौदा भरलं. अर्धा शेर वाढलंय. बाकीचीही तेवढीच असणार. हे फार उत्तम आहे, पण तुम्ही लिहून दिलंय एक शेर."

"दुसऱ्या कुणाला बोललात?"

"छे."

त्या छे म्हणून निघाल्या आणि तात्यांकडं गेल्या. "तात्या, फक्त तुम्हाला सांगते." मग राहीबाईकडं. "राहीबाई, हे फक्त तुला." क्षमाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, प्रत्येकाला सांगताना त्यांना खरंच वाटत होतं की ह्या एका माणसाला तर सांगायलाच हवं.

पद्मा एकटीच खोलीत बसून राहिली. भिंतीवर पोरांनी खडूनं काढलेली माणसं होती, सगळ्यांना पाय डोक्यातूनच फुटलेले. तिला वाटलं, ही माणसं पुसून इथं मातीचा हौद होणार. अर्धा शेर. प्रत्येकी फक्त अर्धा शेर कमी. क्षमाबाईंना काही करता येण्यासारखं नव्हतं, त्या प्रामाणिक. तात्या म्हातारे. राहीबाईला कशाला घोळात घ्यायचं? चूक आपली, आपणच निस्तरावी. तिनं ट्रंक उघडली, मणी काढले, पुड्या बांधून तोलल्या. अर्धा शेर मणी एका सदऱ्याच्या घेरात मावत होते. तिनं पोरांचे तपासणीसाठी धुवून ठेवलेले सदरे पुढं ओढले आणि दार लावून घेतलं.

त्याच वेळी क्षमाबाई मनाशी म्हणत होत्या, की ह्या पोरीला मी घाबरवून आले, आता मीच काहीतरी केलं पाहिजे. आणि अर्धा शेर पेज पोटात गेली की अर्धा शेर वजन वाढतं, हे तर शास्त्रच आहे.

तात्या म्हणत होते, पोटात गेलेलं अन्न हे त्या देहाचंच झालं. तीन केळी आणि एक मेथीचा लाडू. त्यात फसवणूक कुठं आली?

राहीबाई काही म्हणत नव्हती. ती लोहाराकडं निघाली होती. उद्या पोरं पुन्हा चारचौघांच्या डोळ्यांपुढं बसणार, नजर लागणार, म्हणजे कमरेला लोखंड हे बांधायलाच पाहिजे. ते अर्ध्या शेराचं असलं तर मारुतीला काय अडचण?

*

गुरुवारी सकाळी पोरं वर्गात आली तेव्हा पद्माला पहिल्यांदा जाणवलं की ती चालत नाहीत, सरकतायत. गाभण म्हशी पाण्याला निघाव्यात तशी अठरा पोरं हळूहळू दारातून आत आली. तिला वाटलं, मण्यांचं ओझं जरा जास्तच झालं. सदरे तर तिनंच पहाटे घरोघर वाटले होते.

"गुंडा, बस."

"बसाय येत न्हाई," गुंडा म्हणाला.

"का रे?"

"पोट पुढं येतंय."

तो उभाच राहिला, आणि वळला तेव्हा त्याच्यातून टण्ण असा आवाज आला. पद्मानं क्षमाबाईंकडं बघितलं. क्षमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तात्यांनी डोळे मिटले होते. राहीबाई आधीच ओवाळायला लागली होती. नियम सगळे पाळत होते.

दिपोटीसाहेब छत्री बगलेत धरून आले. उंच, वाळलेला माणूस, दर दोन वाक्यांनी खिशातलं घड्याळ काढायचा. साडेअकराची गाडी त्यांना गाठायची होती. सुभेदार त्यांच्या मागं, फौजेचा कोट घालून. आया दाराशी. बाहेर पैलवान, त्यांची पोती.

"चला, उरका," साहेब म्हणाले. "वजनं करायची आहेत ना? ह्या तराजूत? आणि हा गूळ कशाला?"

पद्मानं सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि समजल्यासारखी मान हलवली.

गुंडाला पारड्यात बसवायला चंद्राबाई वाकली आणि तिच्या कमरेतून कळ गेली. "आरं द्येवा. काय खाल्लंस रं?" सुभेदारांनी हातभार लावला. पारडं खाली बसलं. समोर गूळ पडायला लागला. चौदा शेर, पारडं हललं नाही. पंधरा. पद्माला हायसं वाटलं, आता हलेल. हललं नाही. साडेपंधरा. साखळी कुठं अडकली का, ते पद्मानं बघितलं. सोळा. साडेसोळाला काटा मधे आला.

"मागचं काय होतं?" साहेबांनी विचारलं.

क्षमाबाईंनी वही वाचली. "गूळ चौदा शेर."

"तीन महिन्यांत अडीच शेर?"

सुभेदार पुढं झाले. त्यांनी नातवाकडं नवं घोडं बघावं तसं सगळ्या बाजूंनी बघितलं. "फौजेत रंगरूट एवढं वाढत न्हाई, साहेब. ह्ये पोर तालमीत पायजे. आजच्या आज पायजे."

पद्मा मनात हिशेब करत होती. अर्धा शेर खरा, अर्धा शेर माझा. मग उरलेला दीड शेर कुणाचा? तिनं पुन्हा तिघांकडं बघितलं, आणि आता तिघंही एकमेकांकडं बघत होते. चौघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी तो हिशेब उतरला.

"पुढचं मूल," साहेब म्हणाले.

पण गुंडा उठेना. त्याचा चेहरा विचारी झाला. तो पहाटेपासून अर्धा शेर पेज पोटात बाळगून होता आणि पोर असून त्यानं फार सोसलं होतं. फळीच्या फटीतून पहिला थेंब पडला. मग धार. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गुंडाचं पारडं हळूहळू, देवाला निघाल्यासारखं, वर यायला लागलं.

धारेचा तेवढा आवाज.

"आवं," चंद्राबाई म्हणाली, "पोर हलकं व्हाय लागलंय."

"काढा त्याला," साहेब म्हणाले.

गुंडा स्वतःच निघाला. तो उठायला गेला, सदरा साखळीत अडकला, आणि पद्माचं शिवण, जे सुईनं कमी आणि आशेनं जास्त धरलं होतं, एका ओढीत उसवलं. मणी पडले. आधी चार, मग चाळीस, मग सगळे. लाल, निळे, पिवळे मणी फरशीवर धावत सुटले. साहेब हे काय आहे ते बघायला एक पाऊल पुढं आले. ते पाऊल मण्यांवर पडलं. छत्री वर गेली, साहेब मागं गेले, आणि साडेसोळा शेर गुळाच्या पारड्यात बसले.

तराजू तो, त्यानं आपलं काम केलं. साहेब खाली, गुंडा वर. गुंडा थेट तिकाटण्याच्या टोकाला भिडला, दोन्ही हातांनी साखळ्या धरून, आनंदानं आरोळी ठोकत. फाटका सदरा त्याच्या मानेशी गोळा झाला होता आणि कमरेला जाड लोखंडी कडं साऱ्या गावाला दिसत होतं.

"राहे," चंद्राबाई खालून बघत म्हणाली, "ह्ये बैलाचं कडं हाय."

"नजरंचं हाय," राहीबाई म्हणाली.

"आदी पोर उतरव. साहेब, उठू नगा. तुमी उठलासा तर पोर आपटंल. बसा तितंच," चंद्राबाई ओरडली.

साहेब गुळात बसून राहिले. सुभेदारांनी नातवाला अलगद खाली घेतला, मग साहेबांना उठवलं. साहेबांनी धोतर झटकलं. गूळ झटकला जात नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

"सदरा काढा," ते म्हणाले. "ते कडं काढा. परत बसवा."

गुंडा उघडाबंब होऊन पारड्यात बसला. पेज गेली, मणी गेले, कडं गेलं. गूळ उतरवत उतरवत पंधरा शेरांवर काटा थांबला.

"पंधरा," तात्या एकदम म्हणाले. "साहेब, मागचं चौदा. बरोबर एक शेर. बाईंनी लिहून दिलंय तेवढंच."

"आता ह्याच्यात काही नाही ना?"

तात्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "केळी आहेत," ते म्हणाले. "तीन. आणि एक लाडू. पण ती आता त्याचीच आहेत, साहेब. ती परत मागणं न्यायाला धरून नाही."

बाहेरून एका पैलवानानं विचारलं, "सुभेदार, माती आत आणू का?"

*

पद्मानं डोळे मिटले. म्हणून पुढचं तिनं आधी ऐकलं आणि मग बघितलं.

"एक, दोन, तीन."

फरशीवर सतरा पोरं खाली बसली होती. मणी सांडले की काय करायचं हे त्यांना तीन महिने रोज शिकवलेलं होतं. ती मणी गोळा करत होती, रंग निवडत होती, दहा झाले की ढीग करून पुढं सरकत होती. दर वाकण्याला कुणाच्या ना कुणाच्या कमरेतून टण्ण आवाज येत होता. साळू नावाची तीन वर्षांची चिमुरडी साहेबांच्या जोड्याखालचा मणी काढायला त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलत होती. साहेबांनी पाय उचलून दिला. "धा," साळू म्हणाली. मग पोरांना गूळ दिसला. ती उठली, एकापाठोपाठ एक रांजणापाशी गेली, हात धुतले, आणि मग गुळावर तुटून पडली. साहेब बसले होते त्या बाजूचा गूळ सोडून. ते क्षमाबाईंनी शिकवलेलं होतं.

"हे कुणाचं काम?" साहेबांनी विचारलं. त्यांनी बोटानं कडं दाखवलं, मणी दाखवले, फरशीवरचं ओलं दाखवलं.

पद्मा पुढं झाली. "माझं, साहेब. सगळं. पेजसुद्धा."

"पेज माझी," क्षमाबाई म्हणाल्या. "मणीही मीच शिवले."

"तुम्हाला टाका घालता येतो, तुम्ही नीट शिवले असते," तात्या म्हणाले. "साहेब, मणी माझे. कडंही माझं. मी वैद्य आहे, लोहभस्माच्या ऐवजी."

राहीबाईनं पदर खोचला. "केळी मी चारली," ती म्हणाली. आणि तात्यांकडं वळून, "गप बसा की वो. म्हाताऱ्या माणसाला झेपंल तेवढंच घ्यावं."

चौघं एका बाकावर बसली, साहेबांनी बसा म्हटल्याशिवायच. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना खोटं पाडलं होतं, आणि त्यांना बरं वाटत होतं.

साहेबांनी घड्याळ काढलं. अकरा वाजून दहा मिनिटं. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, दौत मागवली, टाक बुडवला, आणि एका क्षणात काहीतरी लिहून कागद सुभेदारांच्या हातात दिला. पद्माला वाटलं, की एवढ्या थोड्या वेळात माणूस 'बंद करावा' एवढंच लिहू शकतो. साहेब छत्री घेऊन स्टेशनच्या वाटेला लागले. त्यांच्या मागं गावातल्या माश्या निघाल्या.

सुभेदारांनी कागद लांब धरून वाचला. फौजेत हुकूम वाचतात तसा, एका सुरात. "बालवर्ग समाधानकारक. काम करणाऱ्या मंडळींत सहकार्य उत्तम दिसून आले. खोलीबाबतचा अर्ज पाहिला. खोली बालवर्गाकडेच राहावी."

त्यांनी तो पुन्हा वाचला. मग दाराबाहेर गेले. "उचला रं पोती," ते म्हणाले. "हुकूम हाय." परत येऊन त्यांनी गुंडाला खांद्यावर घेतलं, तो पोटातल्या केळ्यांसकट झोपला होता. जाताना ते पद्माजवळ थांबले. "बाई, सकाळी पोरांचं, सांजचं तालमीचं, असं न्हाई व्हय जमणार? माती आमी रोज झाडून नेऊ."

"शनिवारी मंडळ बसतं," पद्मा म्हणाली. "तुम्ही या."

शनिवारी मंडळात पाचवा माणूस आला. त्या दिवशी नियम मोडायचं ठरलं, म्हणून सगळ्यांना मोकळेपणानं बोलता आलं. पद्माचं म्हणणं, साहेबांना पोरांनी मणी मोजले तेच भावलं. शिक्षण डोळ्यांना दिसलं. क्षमाबाई म्हणाल्या, मणी काय पोपटही मोजतो, साहेबांची नजर रांजणाकडं होती, हात धुताना. तात्यांनी पंधरा शेरांचा आकडा पुन्हा पुन्हा सांगितला आणि केळ्यांचा गुण समजावला. राहीबाई एवढंच म्हणाली, की एवढं सगळं आपटलं, सांडलं, उलटलं, तरी एका पोराला साधं खरचटलं नाही, ते कशामुळं ते तुमचं तुमी बघा. सुभेदारांचं मत पडलं की अधिकारी माणूस नातवाचं अंग बघूनच खुश झाला. वाद दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी पाच जणांनी पाच वेगवेगळी कारणं एका अहवालात घातली आणि अहवाल साहेबांकडं पाठवून दिला.

शेरा साहेबांनी मंगळवारी रहिमतपूरच्या मुक्कामातच लिहून ठेवला होता. कोरेगावात त्यांनी फक्त तारीख घातली.